पोटासाठी लिहिलेली बासरी

आमच्या वरच्या मजल्यावर एक अकरा वर्षांची मुलगी पियानो शिकते. परीक्षा जवळ आली की संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तिचा सराव सुरू होतो आणि तोच तो तुकडा वीस-पंचवीस वेळा खाली ऐकू येतो. इकडे मी भाजी निवडत असते, कणीक मळत असते, आणि तो सूर कधी तोंडात बसला ते कळतही नाही. परवा वाटीभर लोणचं द्यायला वर गेले, तेव्हा तिचं पुस्तक उघडंच होतं. तुकड्याच्या डोक्यावर नाव होतं, कूलाऊ. हा कोण म्हणून विचारलं, तर तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

ज्यांची मुलं पियानो शिकतात, त्या आयांच्या डोळ्यांखालून हे नाव नक्की गेलेलं असणार. फ्रीडरिख कूलाऊच्या ‘सोनाटिना’, म्हणजे मुलांच्या हाताला झेपतील अशा छोट्या रचना, जगभरच्या पियानोच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या जातात. पण शोधायला बसले, तेव्हा कळलं की पियानो ही त्याची अर्धीच ओळख. बासरीवाले त्याला आपला माणूस मानतात. दोन, तीन, चार बासऱ्या एकत्र बसल्या तर त्यांनी वाजवायचं काय, या प्रश्नाला त्यानं दिलेली उत्तरं आजही हौसेनं वाजवली जातात. बासरीचा बेथोव्हन असं त्याचं कौतुकही होतं. गंमत म्हणजे हा माणूस बासरीवादक नव्हताच. आणि बासरीसाठी त्यानं एवढं लिहिलं, त्यामागे मोठं कारण घर चालवण्याचं होतं.

उत्तर जर्मनीत यूल्त्सेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे ११ सप्टेंबर १७८६ रोजी फ्रीडरिखचा जन्म झाला. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवत. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या नात्यातलं फुंकवाद्य. वाजवून पोट भरणं घराण्यातच होतं. पण लष्करी बँडवाल्याचा पगार तो केवढा! कामामागे गावंही बदलायची. यूल्त्सेन सुटलं, मग ल्युनेबर्ग, मग ब्राउनश्वाइग, मग हॅम्बुर्ग असं हे कुटुंब फिरत राहिलं.

ल्युनेबर्गला असताना या मुलावर मोठा घाला आला. हिवाळ्यात रस्ता बर्फानं निसरडा झाला होता. फ्रीडरिख घसरून पडला आणि त्याचा उजवा डोळा कायमचा गेला. कितीतरी दिवस अंथरुणात काढावे लागले. पोराचा वेळ जावा म्हणून आईवडिलांनी त्याच्या बिछान्यावर पट्ट्यांचं एक लहान वाद्य ठेवून दिलं. आजारी मुलाच्या उशाशी आपण रंगपेटी ठेवतो ना, तसंच. त्या वाद्यावर बोटं फिरवता फिरवता त्याला स्वरांचं वेड लागलं. मुलाचा डोळा गेला म्हणून आईवडील हातपाय गाळून बसले नाहीत, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या चरित्रात फार महत्त्वाची वाटते.

हॅम्बुर्गला आल्यावर खरं शिक्षण सुरू झालं. श्वेंके नावाचे तिथले नामांकित संगीतज्ञ त्याचे गुरू. शिस्तीचे कडक. त्यांच्या हाताखाली फ्रीडरिखनं रचनेचं गणित पक्कं केलं. १८०४ पासून तो पियानोच्या मैफली करू लागला, शिकवण्या घेऊ लागला, अधूनमधून काही छापूनही येऊ लागलं. आता बस्तान बसेल असं वाटत होतं, तोच नेपोलियन आडवा आला.

१८१० च्या अखेरीला नेपोलियननं हॅम्बुर्ग फ्रेंच साम्राज्याला जोडून टाकलं. त्याबरोबर तरुणांची सक्तीची सैन्यभरती आली. चोवीस वर्षांच्या कूलाऊनं ती टाळण्यासाठी गाव सोडलं आणि तो शेजारच्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला पोचला. अंगावरचे कपडे आणि दहा बोटं, एवढंच काय ते भांडवल. जानेवारी १८११ मध्ये त्यानं तिथल्या रॉयल थिएटरमध्ये पियानो वाजवला. लोकांना तो आवडला. भाषा मात्र येत नव्हती. पुढे एकवीस वर्षं तो डेन्मार्कमध्ये राहिला, पण डॅनिश त्याला शेवटपर्यंत नीट जमली नाही म्हणतात.

तो गेला तेव्हाचं कोपनहेगन सुखात नव्हतं. १८०७ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून शहराचा मोठा भाग जाळला होता. १८१३ मध्ये तर डेन्मार्कच्या सरकारचं दिवाळंच निघालं. अशा दिवसांत कलावंताला कोण विचारणार? त्याच १८१३ मध्ये कूलाऊला नागरिकत्व मिळालं आणि दरबारी वादक अशी पदवीही मिळाली. पदवी मोठी, पगार शून्य! इकडे हॅम्बुर्गचे आईवडील आणि बहीण त्याच्याकडे राहायला आले. लग्न न केलेल्या, एका डोळ्यानं अधू, परक्या देशात पाय रोवू पाहणाऱ्या या मुलावर सगळ्या घराचा भार आला. तो त्यानं आयुष्यभर वाहिला.

नाव मिळायचं तर ऑपेरा लिहायला हवा होता. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. १८१४ मध्ये ‘दरोडेखोरांचा किल्ला’ अशा अर्थाच्या नावाचा त्याचा ऑपेरा आला आणि चांगला चालला. पण एका नाटकावर किती दिवस निघणार? १८१८ मध्ये दरबारी संगीतकार म्हणून त्याला पगार सुरू झाला, तोही बेताचा. नंतरचे काही ऑपेरे साफ पडले. १८१७ चा ‘जादूची वीणा’ तर संहिता लिहिणाऱ्याच्या साहित्यिक भांडणापायी बुडाला. वाद दोन लेखकांचा आणि नुकसान चाल लावणाऱ्याचं. वर्ष-वर्ष खपून लिहिलेलं काम चार रात्रींत गुंडाळलं जायचं, आणि महिनाअखेरीला घरभाडं मात्र चुकत नसे.

इथे बासरी कामाला आली.

तेव्हाच्या युरोपात बासरीचं मोठं खूळ होतं. वकील, व्यापारी, कारकून, अधिकारी असे खाऊनपिऊन सुखी असलेले पुरुष फावल्या वेळात बासरी वाजवत. आपल्याकडे घरोघरी पेटी असायची, तसंच काहीसं. पुरुषच का, तर तोंडाला लावून वाजवायचं वाद्य बायकांना शोभत नाही असा समज होता. गाल फुगतात, ओठ वाकडे होतात, चारचौघांत बरं दिसत नाही! मुलींनी पियानोपाशी सरळ बसावं, हात नाजूक चालवावेत. त्यामुळे दिवाणखान्यातलं चित्र ठरलेलं. तो बासरी घेऊन उभा आणि ती पियानोवर साथीला.

या सगळ्या हौशी मंडळींना वाजवायला नवनवीन काहीतरी हवं असायचं. प्रकाशक अशा रचना मागत, छापत आणि रोख पैसे देत. कूलाऊला प्रकाशकांकडून मागणी येऊ लागली आणि त्यानं ती पुरवली. बासरी त्याला फारशी वाजवता येत नसे, पण तिचं अंतरंग त्याला नेमकं ठाऊक होतं. कुठला स्वर जड जातो, कुठे श्वास घ्यायला जागा लागेल, कुठल्या दोन स्वरांमधून बोटं अडखळतील, हे सगळं तो बारकाईनं बघायचा. अडलं तर राजवाद्यवृंदातल्या बासरीवाल्याला विचारायचा. वडील फुंकवाद्यवाले, त्यामुळे श्वासाचा हिशेब लहानपणापासून कानांवर पडलेला असणार, असं मला आपलं वाटतं.

आणि इथेच त्याचा मोठेपणा दिसतो. असं मागणीचं काम करणारे पुष्कळ होते. लोकप्रिय गाण्याची चाल घ्यायची, तिला चार वेलांट्या द्यायच्या, की झालं. कूलाऊनंही तसलं पुष्कळ लिहिलं, नाही असं नाही. पण बासरी आणि पियानोच्या त्याच्या मोठ्या रचना पाहा. त्यांत पियानोवरची ती नुसती साथीदार उरत नाही. तिचं काम बासरीइतकंच अवघड आणि तितकंच महत्त्वाचं. कितीतरी घरांत त्या दिवाणखान्यातल्या मुलींना आपली खरी तयारी दाखवायची संधी या पानांनी दिली असेल.

त्याहून अवघड काम होतं नुसत्या बासऱ्यांचं. आपल्या कानांना बासरी म्हटलं की एकटी बासरीच आठवते. कृष्णाची असो की मैफलीतली, ती एकटीच गाते, मागे फार तर तानपुरा आणि तबला. पाश्चात्य संगीतात एकाच वेळी वेगवेगळे स्वर एकमेकांत गुंफून वाजवतात. त्यासाठी खाली भारदस्त खर्ज लागतो, मध्ये भराव लागतो, वर चाल लागते. आता तीन किंवा चार जणांच्या हातांत एकसारख्याच बासऱ्या असल्या तर खर्ज आणायचा कुठून? या बासरीचा सगळ्यात खालचा स्वर म्हणजे पियानोच्या साधारण मधली पट्टी. तिच्याखाली जाताच येत नाही. शिवाय सगळ्यांचा आवाज सारखा, त्यामुळे कोण काय वाजवतंय ते कळेनासं होण्याची भीती. त्या काळच्या बासऱ्या लाकडी, त्यांवर मोजक्याच चाव्या, आणि काही स्वर मुळातच कच्चे. आज बासऱ्यांच्या वृंदात खर्जाच्या भल्यामोठ्या बासऱ्याही असतात. त्याला ती सोय नव्हती.

बासऱ्यांचे असे मेळ बसवणारा तो पहिला नव्हे. फ्रान्समध्ये बॉयमॉर्तिये नावाच्या संगीतकारानं १७२७ मध्येच पाच बासऱ्यांसाठी रचना छापल्या होत्या. पण कूलाऊनं या प्रकाराला वजन आणलं. तीन बासऱ्यांसाठी त्यानं सात रचना केल्या, दोन बासऱ्यांसाठी तर कितीतरी. आणि १८२९ च्या सुमारास चार बासऱ्यांसाठी एकच मोठी रचना लिहिली. त्याच्या कामांच्या यादीत तिचा क्रमांक १०३. बासरीवाले नुसतं कूलाऊची चौकडी म्हटलं तरी ओळखतात.

ही चौकडी मी ऐकली तेव्हा मला एकत्र कुटुंबातलं स्वयंपाकघर आठवलं. चार जावा, ओटा एकच. चौघींनी एकदम फोडणी घातली तर काय होईल? इथे तसं होत नाही. एक चाल धरते, दुसरी तिच्या मागून तीच चाल थोडी वळवून नेते, तिसरी मधली जागा भरते आणि चौथी खाली पाय रोवून उभी राहते. थोड्या वेळानं कामं बदलतात. खालची वर येते, वरची मुकाट्यानं भराव घालते. एकीचा श्वास संपत आला की दुसरी आधीच सूर धरून उभी असते, म्हणून सुरांची धार कुठे तुटत नाही. सुरुवात संथ आणि गंभीर. मग एकदम वेगाची, पेटलेली चाल. नंतर एक खेळकर भाग, एक शांत भाग, आणि शेवटी पुन्हा धावपळ. पंचवीसएक मिनिटांत कुणी कायमची मोठी नाही, कुणी कायमची धाकटी नाही. चारच बासऱ्या वाजतायत हे काही ठिकाणी खरंच वाटत नाही.

ही चौकडी लिहिण्याआधी त्याच्या आयुष्यात दोन चांगले प्रसंग येऊन गेले. पहिला सप्टेंबर १८२५ मधला. तो व्हिएन्नाकडे गेला असताना जवळच्या बाडेन गावी त्याची साक्षात बेथोव्हनशी भेट झाली. बेथोव्हनचे कान तेव्हा पूर्ण गेलेले. एकाला एक डोळा नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही, पण दिवस मोठ्या मजेत गेला. भटकंती झाली, जेवणं झाली, शॅम्पेन तर भरपूर झाली. दोघांनी एकमेकांसाठी तिथल्या तिथे गमतीच्या छोट्या रचना केल्या. बेथोव्हननं कूलाऊच्या आडनावाची फोड करून त्यावर कोटी केली होती, कारण जर्मनमध्ये त्यात थंड आणि कोमट असे दोन शब्द दडलेले आहेत. दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीचं त्याला फारसं आठवत नव्हतं म्हणे!

दुसरा प्रसंग १८२८ मधला. डेन्मार्कच्या राजकन्येचं, विल्हेल्मिनेचं लग्न झालं. त्या सोहळ्यासाठी ‘एल्वरहॉय’, म्हणजे पऱ्यांची टेकडी, हे नाटक बसवलं गेलं. लेखक हायबर्ग आणि संगीत कूलाऊचं. त्यानं गावोगावची जुनी लोकगीतं घेतली आणि त्यांना नवं रूप दिलं. नाटक असं उचललं गेलं की डेन्मार्कचं जणू राष्ट्रीय नाटकच झालं, आणि पुढे त्याचे शेकडो प्रयोग झाले. ज्याला डॅनिश धड बोलता येत नव्हतं, त्या परदेशी माणसानं त्या लोकांना त्यांचीच गाणी नव्यानं दिली. त्याच वर्षी त्याला प्रोफेसर ही पदवी मिळाली.

तोपर्यंत तो कोपनहेगनच्या बाहेर, लिंगबी या गावी राहायला गेला होता. हवा चांगली, खर्च कमी. तोंडात सदानकदा चिलीम, लांब फिरायला जाणं, रात्री लिहीत बसणं, असा त्याचा दिनक्रम. दारूही वाढली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग सगळंच एकापाठोपाठ घडत गेलं. १८३० मध्ये आई आणि वडील दोघंही गेले. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं रात्री जागवल्या, ते दोघंही एकाच वर्षात. पुढच्याच वर्षी, ५ फेब्रुवारी १८३१ रोजी, लिंगबीत आग लागली आणि कूलाऊचं घर जळालं. ऐन हिवाळा, उत्तरेतली थंडी. जीव वाचला, पण छापायला न दिलेली सगळी हस्तलिखितं गेली. पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली दुसरी मोठी रचना त्यात होती. संगीतशास्त्रावरचं पाठ्यपुस्तक त्यात होतं. झेरॉक्स नाही, दुसरी प्रत नाही. जे त्यानं स्वतःसाठी, सवडीनं, नीट करून मग देऊ म्हणून जपून ठेवलं होतं, तेच नेमकं राख झालं.

त्या रात्रीच्या थंडीनं छातीचं दुखणं मागे लागलं ते गेलंच नाही. तो कोपनहेगनला परत आला. इस्पितळ झालं, औषधं झाली. १२ मार्च १८३२ रोजी तो गेला, तेव्हा वय अवघं पंचेचाळीस. त्याच वर्षी जर्मनीत थिओबाल्ड बोम या कारागिरानं नव्या धर्तीची बासरी तयार केली. तीच पुढे सुधारून आजची धातूची बासरी झाली. कच्च्या स्वरांची ज्या वाद्यासाठी कूलाऊनं इतकी उस्तवार केली, त्याचा हा नवा अवतार बघायला तो राहिला नाही.

आता वाचलं काय, ते बघा. वाचलं ते मागणीवरून लिहून प्रकाशकांच्या हवाली केलेलं. दोन-तीन-चार बासऱ्यांसाठी लिहिलेलं, मुलांना शिकवण्यासाठी केलेलं, महिन्याच्या खर्चाला हातभार म्हणून केलेलं. ते छापून केव्हाच घराघरांत गेलं होतं. लिंगबीची आग तिथे पोचणार कशी? १९७० पासून त्याच्या जन्मगावी, यूल्त्सेनला, त्याच्या नावानं बासरीवादनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. जे वाद्य बायकांना शोभत नाही असं मानत, तेच शिकायला आज तिकडच्या मुली मोठ्या संख्येनं पुढे असतात. कूलाऊची चौकडी चार मुली मिळून वाजवतायत, हे आता नवलाचं दृश्य राहिलेलं नाही.

आपणही रोजचं काम उरकून टाकतो आणि खरं आपलं म्हणून जे करायचं असतं, ते पुढे सवडीनं करू म्हणून बाजूला ठेवतो. सवड येतेच असं नाही. कूलाऊकडे पाहून मला वाटतं, आपलं म्हणून जे आहे ते रोजच्याच कामात ओतावं. पोटासाठी केलं म्हणून त्यानं ते काम हलक्या हातानं केलं नाही, आणि तेच उरलं. आणि हो, जपून ठेवलेलंही वेळेवर कुणाच्या तरी हाती द्यावं. आईची पाककृतींची वही असो नाहीतर आपण रचलेलं गाणं, ट्रंकेत ठेवलेलं एकाच घरात राहतं, वाटलेलं चार घरांत उरतं.

हे लिहीत असतानाच सहा वाजले. वर तोच तुकडा सुरू झालाय. तिसऱ्या ओळीत ती रोज अडखळते, आजही अडखळली. उद्या वर जाऊन तिला सांगणार आहे की हा माणूसही लहान असताना अंथरुणात बसून असाच शिकला होता.